उन्हात निळा झालेला जांभळा

अण्णा, मी दमले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे अक्षर बिघडलं किंवा एकाच गोष्टीवर मी दोनदा आले तर तुम्ही वैतागणार नाही. तसे वैतागायला तुम्ही आता नाही आहात, पण माझी धास्ती अजून गेलेली नाही. दोन प्रयोग झाले, कपडे धुऊन गॅलरीत वाळत घातले, आणि आता सुजलेले पाय स्टुलावर ठेवून बसले आहे. समोर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या गोदामांच्या पत्र्यावर दुपारचं ऊन तळपतंय. नवरा आत झोपलाय. मुलगी तिच्या घरी गेली. बोलायला कुणी नाही असं नाही, पण जे सांगायचंय ते कपडेपटातल्या माणसालाच नीट कळेल, आणि कपडेपटातलं माझं असं माणूस एकच होतं.

तुमच्या हाताखाली आले तेव्हा मला काय येत होतं? मिरजेत शिवणाचा कोर्स केलेला, सरळ शिलाई मारता येत होती आणि आपल्याला फार येतं असं वाटत होतं. आपल्या नाटक कंपनीला दौऱ्यावर बायकांचे ब्लाउज उसवून शिवणारं कुणीतरी हवं होतं म्हणून मला घेतलं. पहिल्याच आठवड्यात मी नाटकातल्या त्या कारकुनाचा सदरा धुतला, नीळ घातली, खळ घातली, कडक इस्त्री केली आणि तुमच्यासमोर शाबासकीसाठी धरला. तो सदरा तुम्ही महिनाभर चहाच्या पाण्यात बुडवून, कॉलरवर कानस घासून, काखेत तेलाचा हात लावून म्हातारा केला होता. मला ते कुठे ठाऊक? मी आपली मळका म्हणून धुतला. तुम्ही ओरडला नाहीत. सदरा हातात घेऊन खुर्चीवर बसलात आणि म्हणालात, "पोरी, या माणसाच्या तीन मुली लग्नाच्या होत्या. तू एका धुण्यात त्याला अविवाहित केलंस." मेकअप रूममधले सगळे हसले. मी ट्रंकांच्या मागे जाऊन रडले. मग तुम्ही मला चहाचं पातेलं आणायला पाठवलंत आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला कपडा मळवायला शिकवलंत. धुवायला कुणीही शिकवतं. त्याच सदऱ्याच्या खिशात एसटीचं एक वापरलेलं तिकीट असायचं. ते प्रेक्षकाला दिसत नाही, मग ठेवायचं कशाला, असं मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, नटाचं बोट लागतं ना त्याला. एवढंच. तुम्ही कधी एका वाक्यापेक्षा जास्त समजावलं नाहीत, आणि मला ते एक वाक्य उलगडायला कधी कधी वर्ष लागायचं.

जांभळ्या रंगाशी मात्र तुमचं उघड वैर होतं. लबाड रंग म्हणायचात त्याला. आपल्या मुख्य बाईंनी हट्टाने जांभळा शालू आणला होता ते आठवतंय? तुम्ही वाद घातला नाहीत. दुपारी त्यांना शालू नेसवून रंगमंचावर उभं केलंत आणि दिवेवाल्याला पिवळा दिवा टाकायला सांगितलंत. मला प्रेक्षागृहातून बघायला बसवलं होतं. अजून दिसतोय मला तो शालू. बाजारात बकऱ्याची कलेजी टांगलेली असते तसा दिसतोय, आणि बाई वरून विचारताहेत, "छान दिसतोय ना गं?" शेवटी तुम्ही त्यांना गुलाबीकडे झुकणारा शालू दिलात आणि प्रेक्षकांना तो शंभर प्रयोग जांभळा दिसला. माझं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी साड्या, भांडी, कुकर दिला. तुम्ही दिलंत एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत दिव्यांच्या जिलेटिन कागदांचे कापलेले तुकडे, पिवळा, गुलाबी, निळा, अंबर, दोऱ्यात ओवलेले. म्हणालात, कापड घेण्याआधी यातून बघत जा. माझ्या सासूबाईंना वाटलं कंपनीचे लोक भलतेच चिकट आहेत. पण मी दुबईतल्या सतवा भागातल्या कापडबाजारात आजही डोळ्याला ते तुकडे लावून तागे बघते. दुकानदार आता हसत नाहीत, नुसतं स्टूल पुढे करतात.

इकडे आल्यावर पहिली काही वर्षं मुसफ्फाच्या कारखानेवस्तीत गेली. वर्कशॉपवाल्यांचे बॉयलर सूट शिवायचे, पाठीवर कंपनीचं नाव चिकटवायचं. निळा, करडा, नारिंगी, हे तीन रंग. तुम्ही गेल्याचं मला तिथेच कळलं, मशीनवर बसलेली असताना, घरून आलेल्या फोनमध्ये, इतर चार बातम्यांच्या मध्ये. तेव्हा तुम्हाला जाऊन दहा-बारा दिवस झाले होते. मी फोन ठेवला आणि पुढचा सूट घेतला. मग आम्ही दुबईला आलो आणि मला इथे पार्कात एका कारखान्यात काम मिळालं. नाव कॉस्च्युमचा कारखाना, पण काम म्हणजे मॉलमध्ये नाचणारी अस्वलं, शाळांच्या गॅदरिंगचे तारे-चंद्र, हॉटेलातल्या वेटरांचे कोट. सगळं नवं, चकचकीत, एकदा घालून फेकायचं. इतकी वर्षं झाली, एकदाही मला कुणी कपडा म्हातारा करायला सांगितलं नाही. काम नेऊन देते, समोरचा न बघताच "अमेझिंग" म्हणतो, खलास.

आणि मग माझ्या मुलीने नाटक काढलं. ही इथेच वाढली, दुबईच्या मरीना भागातल्या एका ऑफिसात काम करते, माझ्याशी इंग्रजीत बोलते आणि मी तिच्याशी मराठीत, असा आमचा संसार चाललाय. ती आणि तिच्या काही मैत्रिणी मिळून फक्त ब्लॅक बायकांनी लिहिलेली आजची नाटकं करतात. आपल्याकडे वर्तमानपत्रात कृष्णवर्णीय लिहितात, पण त्या स्वतःला सरळ ब्लॅक म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. नट्याही बहुतेक आफ्रिकेतून इथे कामाला आलेल्या, कुणी नर्स, कुणी केस वेणणारी. तालमी आमच्या कारखान्याच्या वरच्या रिकाम्या मजल्यावर. म्हणजे जागा माझ्या ओळखीची, कपडे माझे आणि चहाही माझाच. मी सुरुवातीला वैतागून बसायचे. मला कळेचना की नाटक सुरू कधी झालं. अण्णा, त्यात सोफा नाही हो. आपल्या नाटकात पडदा उघडला की सोफा, डावीकडे स्वयंपाकघराचं दार आणि त्या दारातून बाई चहाचा ट्रे घेऊन येणार. इथे बाई येते ती सरळ पुढे येऊन माझ्याकडे बघत बोलायलाच लागते. तिचा नवरा मध्येच येऊन प्रश्न सोडवत नाही. कित्येकदा तो येतच नाही. दोन बायका एकमेकींचे केस विंचरत तासभर बोलतात आणि त्यातून एक अख्खं कुटुंब उभं राहतं, मोडतं. मी कपडेपटातली, मी कपड्यांकडे बघत होते. त्या लेखिका कपड्यांबद्दल काय बारीक लिहितात! रात्री डोक्याला बांधायचं फडकं कोणतं आणि कामावर जाताना बांधायचं कोणतं, आणि आईने दाराबाहेर पडताना मुलीचं ते फडकं का सोडायला लावलं. तेव्हा मला वाटलं, या बायका आणि तुम्ही एका ट्रंकेवर बसून गप्पा मारू शकला असता. भाषेचं काय ते मी बघितलं असतं.

आता या वेळचं नाटक. लेखिका माझ्याच वयाची, लंडनची, तिचे आईवडील कॅरिबियन बेटावरून आलेले. नाटकात एक मुलगी आईच्या अंत्यविधीसाठी बेटावर परत येते. आई खडकांवरून शिंपले-शंख वेचून सार करायची, त्यातल्या एका जातीच्या शंखातल्या किड्याने बोटं जांभळी व्हायची, आणि त्या रंगात तिने वर्षानुवर्षं थोडं थोडं करून एक कापड रंगवलेलं असतं, आपल्या अंगावर शेवटी घालायला. मुलगी ते कापड उलगडते, रिकाम्या बाजेवर पसरते आणि म्हणते, आई, मी आले. नाटक संपलं. लेखिकेने कंसात लिहिलंय की कापडाला वास आला पाहिजे, हातात घेणारीने तोंड फिरवलं पाहिजे. ते वाचलं आणि मला तुमचं एसटीचं तिकीट आठवलं.

नाटकातल्या त्या मुलीचं काम करणारी बाई युगांडाची, मरीनात माझ्या मुलीचं ऑफिस आहे त्याच इमारतीत खाली सिक्युरिटी गार्ड. बारा तासांची ड्यूटी करून कंपनीच्या बसने यायची, बूट काढून कोपऱ्यात ठेवायची आणि उभी राहिली की आमच्या वरच्या मजल्याचं छप्पर उंच वाटायला लागायचं. आवाज असा की मी खाली मशीनवर असले तरी हात थांबायचे. पण त्या एका ओळीला आली की गप्प. कापड पसरायची, तोंड उघडायची, काही नाही. आधी सगळ्यांना वाटलं विसरली. मग महिने उलटले तरी तेच. माझी मुलगी दिग्दर्शक, तिचं डोकं तापलेलं, कारण लेखिका लंडनहून कुठेतरी पुढे जाताना मुद्दाम दोन दिवस इथे थांबून पहिला प्रयोग बघणार होती. मुलगी मला गाडीत म्हणाली, "आई, इट्स वन लाइन. द होल प्ले इज दॅट लाइन. आय हॅव टु रिप्लेस हर." मी म्हणाले, घाई करू नकोस. तर म्हणे, "ड्रेस रिहर्सलपर्यंत. दॅट्स इट." त्या केस वेणणाऱ्या बाईला तिने ओळी पाठ करायलाही दिल्या होत्या. गार्ड बाईला ते कळलं होतं. ती त्या आठवड्यात तालमीला आली, बूट कोपऱ्यात ठेवले, पण बसली नाही, उभीच राहिली.

तुम्हीच म्हणायचात ना, माप घेताना माणूस बोलतो. हात वर केलेले असतात, समोर आरसा नसतो, टेपवाल्या बाईचं तोंड दिसत नाही. तिला बदलायचं बोलणं निघण्याच्या बरंच आधी मी तिच्या पाठीचं माप घेत होते आणि काही विचारलंही नव्हतं. ती म्हणाली, मामा, माझी आई गेली तेव्हा मी इथे नवीन होते. ही मला मामा म्हणते, त्यांच्याकडे आईला आणि मोठ्या बाईलाही तसंच म्हणतात. नोकरीला महिना झाला होता, सुट्टी नव्हती, आणि भावांनी सांगितलं येऊ नकोस, नोकरी जाईल. अंत्यविधी तिने फोनवर बघितला, ड्यूटीवर, लॉबीच्या मागच्या खोलीत. माती टाकायच्या वेळेला चित्र अडकलं. पुन्हा लागलं तेव्हा लोक घराकडे चालायला लागले होते. मग ती म्हणाली, "हाऊ कॅन आय से इट, मामा? आय डिड नॉट कम." मी टेप गुंडाळली. छातीचं माप घ्यायचं राहिलं ते नंतर अंदाजाने लावलं. मुलीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिने समजूत घातली असती, आणि समजूत घातली की काम बिघडतं.

माझ्या हातात काय होतं? कापड. म्हणून मी ठरवलं की कापड खरं करायचं. तिचं बोट लागेल अशी एक तरी गोष्ट खरी असू दे, बाकी ती बघेल. मुलीने फोनवर शोधून सांगितलं की तसले शंख आपल्या इथल्या समुद्रातही असतात, काटेरी, मुठीएवढे. मग मी उम्म अल कुवेनच्या कोळ्यांच्या जेट्टीवर गेले. तिथे एक गुहागरकडचा माणूस भेटला, मासे धरायचे तारेचे पिंजरे दुरुस्त करतो, गरगूर म्हणतात इथे त्यांना. पिंजऱ्यात मेलेल्या मासळीवर हे शंख चढतात आणि ते लोक शिव्या देत फेकून देतात. मराठी ऐकून तो आधी उठून उभा राहिला. मग मी काय मागतेय ते ऐकून परत बसला. म्हणाला, "ताई, हे खायचं नसतं. पोटाला चांगलं नाही." मी म्हटलं, रंग करायचाय. त्याने माझ्याकडे बघितलं, मग समुद्राकडे बघितलं आणि म्हणाला, "साब लोक काय काय छंद करतात, पण ताई, तुम्ही तर आपल्यातल्या." तरी प्रत्येक शुक्रवारी बादली भरून ठेवायचा. बादलीवर ओलं पोतं, पोत्यावर दगड. बादली दिली की फोनवर बायकोला सांगायचा, त्या रंगवाल्या ताई आल्यात.

अण्णा, त्या वासाबद्दल काय सांगू? लसूण, कुजकं अंडं आणि सुकटीची टोपली एकत्र करा. हातोडीने शंख फोडायचा, आत एक फिकट शीर असते, ती सुरीने काढून मिठात टाकायची. पहिल्या दिवशी मी एक शीर कापडाच्या चिंधीवर घासली आणि उन्हात धरली. आधी पिवळट. मग हिरवा. मग निळसर. आणि मग, मी बघत असताना, जांभळा. मी अशी दमलेली बाई, टेरेसवर एकटी उभी राहून खुळ्यासारखी हसले. गार्ड बाईला ती चिंधी दाखवली. तिने नाकाशी धरली, तोंड फिरवलं आणि परत नाकाशी धरली. तिच्या गावाजवळ मोठा तलाव आहे, तिथे बारीक चंदेरी मासळी उन्हात वाळत घालतात, तिची आई ती विकायची. आईच्या पदराला हाच वास यायचा, म्हणाली. चिंधी तिने युनिफॉर्मच्या खिशात ठेवली. इमारतीतल्या लोकांनी लॉबीत ड्रेनेजची तक्रार केली असेल बहुतेक.

चार महिने शिरा जमवल्या. एवढं करूनही ओंजळभर माल, आणि त्यात एक पातळ सुती कापड रंगवायचं. नुसतं घासून अख्खं कापड होत नाही, त्यासाठी त्या शिरा कोमट पाण्यात घालून, कॉस्टिक सोडा आणि हायड्रो म्हणतात ती रंगाऱ्यांची पावडर टाकून विरघळवाव्या लागतात, बंद भांड्यात दिवसभर गरम ठेवाव्या लागतात. कारखान्याच्या मालकाने सांगितलं, वास खाली नको, यल्ला, वर घेऊन जा. वर गॅस नाही. पण वर ऊन होतं. आणि उन्हानेच तर चिंधीवर रंग आणला होता, मी डोळ्यांनी बघितलं होतं. आपल्याकडे काय उन्हात ठेवत नाहीत? लिंबाचं लोणचं, पापड, गाद्या, तान्ही बाळंसुद्धा. तुम्ही घामट कोट उन्हात टाकायचात. मी घरून लोणच्याची मोठी काचेची बरणी आणली, त्यात सगळं घातलं, तोंडाला फडकं बांधलं आणि टेरेसवर मध्यभागी ठेवली. मधूनमधून जाऊन बघत होते. पाणी हिरवट पिवळं, अगदी हवं तसं. संध्याकाळी कापड बुडवलं, मुरू दिलं, वर काढलं, वारा लागला आणि ते निळं झालं. मी थांबले. निळ्यानंतर जांभळा येतो हे मला माहीत होतं ना. कापड दोरीवर, मी समोर खुर्ची टाकून. अंधार पडला तरी निळंच. ड्रेस रिहर्सल तिसऱ्या दिवशी होती आणि शिरा संपल्या होत्या.

मुलीने फोनवर वाचून कारण सांगितलं. कापडावर घासलेल्या रंगाला ऊन लागतं, पण पाण्यात विरघळलेल्या रंगाला ऊन लागलं की त्यातला जांभळेपणा निघून जातो आणि उरतो निळा. भांडं झाकलेलं, अंधारं हवं होतं. मी आपली पारदर्शक बरणीत लोणचं घालून बसले. मुलीने नेहमीसारखं काहीतरी इंग्रजीत सुनवावं अशी मी वाट बघत होते, पण ती माझ्या शेजारी टेरेसवर बसली आणि म्हणाली, "सोड ना, आई." मराठीत. त्याचं मला जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी पुडीतला रंग आणून त्याच मापाचं दुसरं कापड तासाभरात सुरेख जांभळं केलं. कुणालाही विचारलं असतं तर तेच खरं वाटलं असतं.

मग तुमचा डबा काढला. जिलेटिन आता ठिसूळ झालंय, कडा मोडतात, पण गुलाबी तुकडा शाबूत होता. तो डोळ्याला लावून निळ्या कापडाकडे बघितलं. जांभळं, अण्णा. खोल, जुनं, सुरकुत्यांत काळपट, अगदी लेखिकेने लिहिलंय तसं. मी दिवे चालवणाऱ्या मुलाला गाठलं आणि शेवटच्या प्रवेशात गुलाबी टाकायला सांगितलं. त्याने लॅपटॉपवर बोट फिरवलं आणि झालं. आम्ही चार मजूर लावून दिवा फिरवायचो ते तो बसल्या जागी करतो. ड्रेस रिहर्सलच्या आधी गार्ड बाईला बाजूला घेऊन मी दोन्ही कापडं तिच्यासमोर ठेवली आणि खरं काय ते सांगितलं. हे जांभळं आहे, पुडीचं आहे, वास नाही. हे शंखाचं आहे, माझ्या चुकीने निळं झालंय, दिव्यात जांभळं दिसेल, आणि वास जाणार नाही. तिने विचारलंच नाही कोणतं बरं. निळं उचललं, तोंड फिरवलं आणि खांद्यावर टाकून गेली. रिहर्सलला त्या ओळीला ती पुन्हा गप्प झाली. माझी मुलगी उठली, बाहेर गेली, परत आली. आदल्या दिवशी बाई बदलणं शक्य नव्हतं, म्हणून बदलली नाही, एवढंच. केस वेणणारीला मात्र विंगेत उभं राहायला सांगितलं, ओळ आलीच नाही तर तिने आतून म्हणायची.

प्रयोगाला मी विंगेत, केस वेणणारी माझ्या शेजारी, ओठांवर ओळ घेऊन. लेखिका शेवटच्या रांगेत बसली होती, पाय लांब करून, अगदी आपल्या कंपनीचे लेखक बसायचे तशी, म्हणजे पळून जायला दार जवळ. शेवटचा प्रवेश आला. गुलाबी दिवा आला. गार्ड बाईने कापड उलगडलं, आणि वास पहिल्या रांगेपर्यंत गेला असणार, कारण तिथे कुणीतरी खोकलं. तिने तोंड फिरवलं. मग कापडात तोंड घातलं, जे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि तशीच उभी राहिली. माझ्या शेजारणीने श्वास घेतला. मी तिच्या दंडावर हात ठेवला. कापड बाजेवर पसरून, चारही कोपरे ओढून सारखे करून, ती अगदी साध्या आवाजात, लॉबीत कुणाला लिफ्ट कुठे ते सांगावं तशी, म्हणाली, "मामा, आय डिड नॉट कम." आणि खाली बसली. दिवा किती वेळ तसाच राहिला कोण जाणे. लॅपटॉपवाला मुलगाही विसरला होता.

नंतर लेखिका मेकअप रूममध्ये आली. माझ्या मुलीचा चेहरा पांढराफटक, ती माफी मागायच्या तयारीत. लेखिकेने आधी कापड मागितलं. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली ते निळंच होतं, लपवायला काही नव्हतं. तिने नाकाशी धरलं, झटकन दूर केलं आणि हसली, डोळ्यांतून पाणी काढत हसली. बेटावर तिची आजी तिला याच वासाच्या हाताने चापट मारायची, म्हणाली. मग गार्ड बाईचे दोन्ही हात धरून तिने सांगितलं की आज तू म्हणालीस ते तुझं होतं, मी ते विसरणार नाही. उद्या मात्र माझं वाक्य म्हण. लेखक तो लेखकच, अण्णा, कोणत्याही देशाचा असो. गार्ड बाई म्हणाली, ओके मॅडम. आणि खरंच, काल दुसऱ्या प्रयोगाला, लेखिका विमानात असताना, तिने कापड पसरलं, कोपरे सारखे केले आणि म्हणाली, आई, मी आले. अडखळली नाही. एकदा खरं बोलून झालं होतं, आता ते नाटकातलं वाक्य होतं आणि ते चांगलं म्हणणं हे तिचं काम होतं. ते तिने चोख केलं. माझी मुलगी विंगेत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. इतकी मोठी झाल्यावर पहिल्यांदाच.

सगळे गेल्यावर मी आणि गार्ड बाई दोघीच कापडाची घडी घालत होतो. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. ती म्हणाली, मामा, काल पहिल्या प्रयोगाला तू विंगेत उभी राहून रडत होतीस ते मी बघितलं. तू पण गेली नव्हतीस का कुणाला पोचवायला? मी हो म्हणाले. तिने विचारलं, कोण होतं? मी म्हणाले, माय फादर. तिने मान हलवली, घडी माझ्या हातात दिली आणि माझ्या गालाला हात लावून बसकडे गेली.

माझे वडील मिरजेला आहेत, अण्णा, ठणठणीत. रोज सकाळी फोन करून विचारतात, तिकडे गरम होतंय का. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, टाकणारही नाही, पण एक सांगून ठेवते. घरी येईपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते की कपडेपटातले आमचे अण्णा हे त्या बाईला इंग्रजीत कसं सांगणार, शब्दच नव्हता. तसं नाही. टीचर हा साधा शब्द मला येत होता. तो म्हणावासा वाटला नाही.